मातीवरचा खो आणि मॅटवरचा खो

म्हैसूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तलकाड नावाचे गाव आहे. दक्षिणेच्या यात्रेस जाऊन आलेल्या वाचकांपैकी अनेकांनी तेथील वाळूत बुडालेली देवळे पाहिली असतील. एके काळची ही गंग राजांची राजधानी. पुढे ती चोळांकडे गेली, आणि १११६ च्या सुमारास होयसळ राजा विष्णुवर्धन याने ती जिंकून तेथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. तलकाडचे नाव आजवर निघत आले ते या इतिहासामुळे आणि पंचलिंगदर्शनाच्या पर्वामुळे. परंतु तलकाड ज्या तालुक्यात येते, त्या टी. नरसीपूर तालुक्याचे नाव १९ जानेवारी २०२५ रोजी एका निराळ्याच कारणाने देशभर पोहोचले.

त्या दिवशी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. महिलांच्या सामन्यात भारताने नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. विजयी संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आणि सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून जिचा गौरव झाला ती बी. चैत्रा ही टी. नरसीपूर तालुक्यातील कुरुबूर गावची. मराठी मुलुखात वाढलेल्या या खेळाचा पहिला जागतिक चषक महाराष्ट्राच्या मुलीने उचलावा आणि त्या सामन्याचा मान कावेरीकाठच्या मुलीने मिळवावा, ही गोष्ट अनेक प्रांतांत विखुरलेल्या आमच्या वाचकांना विशेष आनंद देणारी आहे, यात शंका नाही.

तथापि, हा आनंद साजरा होत असतानाच खो-खोच्या चाहत्यांमध्ये गेली काही वर्षे चाललेला एक वादही पुन्हा वर आला. जुन्या खेळाडूंच्या बैठकीत, शाळांच्या क्रीडाशिक्षकांत, फार काय एकाच घरातील वडील आणि मुलगी यांच्यातही तो ऐकू येतो. वादाचा विषय असा की, विश्वचषकात जो झपाट्याचा, सात जणींचा, मॅटवरचा खेळ खेळला गेला, तो खो-खोच आहे की खो-खोच्या नावाने चाललेला दुसराच काही खेळ? हा प्रश्न केवळ नियमांचा नाही. त्यामागे आपल्या गावोगावच्या मुलींच्या संधीचा प्रश्न दडलेला आहे, आणि म्हणूनच या सदरात त्याचा विचार करणे आम्हांस उचित वाटले.

ज्यांनी शाळेत खो-खो खेळला असेल त्यांना जुनी पद्धत सांगावयास नको. परंतु ज्यांचा हा खेळ पाहावयाचा राहून गेला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन खांबांच्या मध्ये एक पाटी असते. तिच्यावरील चौकांत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ खेळाडू एकीआड एक अशा विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी धावते. प्रतिपक्षाच्या तीन तीन खेळाडूंची तुकडी मैदानात उतरते. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांब गाठल्याशिवाय किंवा खो दिल्याशिवाय ती बदलता येत नाही. पळणारीला मात्र दोन बसलेल्यांच्या मधून हवे तसे जाता येते. एकीला मोकळीक आणि दुसरीला बंधन, या विषमतेतच या खेळाची सारी गोडी आहे. साखळी पळून, हुलकावणी देऊन, शेवटच्या क्षणी अंग चोरून पाठलाग करणारीला नको त्या बाजूस लोटणे ही पळतीची कला. आणि तशा पळतीला योग्य क्षणी खो देऊन कोंडीत धरणे ही पाठलागाची कला. नऊ नऊ मिनिटांच्या पाळ्या असत. पाठलाग करणाऱ्या संघालाच गुण मिळत, एक गडी बाद झाला की एक. त्यामुळे गुणसंख्या लहान राही आणि सामन्याचे वृत्त देताना ‘एक गुण व दोन मिनिटे राखून विजय’ अशी भाषा वापरली जाई. मिनिटे राखून जिंकण्याची ही भाषा खो-खोची खास आहे.

नव्या पद्धतीचा बोलबाला झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याजवळ बालेवाडी येथे झालेल्या ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक लीगपासून. तिच्यात नऊऐवजी सात खेळाडू पाठलागास उतरू लागले, पाळी सात मिनिटांची झाली, बाद होणाऱ्या प्रत्येक गड्यास एकाऐवजी दोन वा अधिक गुण मिळू लागले. पाठलाग करणाऱ्यांपैकी एकीला ‘वजीर’ म्हणून कोणत्याही दिशेने धावण्याची सवलत मिळाली. आणि जी तुकडी ठराविक वेळ बाद न होता टिकेल तिला गुण, व त्यानंतर प्रत्येक अर्ध्या मिनिटास आणखी गुण, अशी ‘ड्रीम रन’ची योजना आली. विश्वचषकात महिला आणि पुरुष या दोघांसाठीही याच धर्तीचे नियम होते.

आता वादातील दोन्ही बाजू पाहू. जुन्या पद्धतीचे अभिमानी म्हणतात की, वजीर आणून तुम्ही खेळाचा कणाच मोडला. पाठलाग करणारीला दिशेचे बंधन होते म्हणून पळणारीच्या हुलकावणीला अर्थ होता; बंधन गेले की कला गेली, उरली ती नुसती धावाधाव. ते आणखी असेही विचारतात की, विश्वचषकातील आपल्या पहिल्या सामन्यात भारतीय महिलांनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरविले, यात प्रेक्षकांनी पाहायचे काय? गुणांचा डोंगर उभा राहिला म्हणजे खेळ मोठा झाला असे होत नाही. शिवाय नऊच्या सात झाल्या म्हणजे मैदानावरच्या दोन जागा गेल्या. ज्या शाळेत संघात येण्यासाठी वीस मुली धडपडतात, तेथे दोन जागा ही लहान गोष्ट नव्हे.

नव्या पद्धतीचे समर्थकही मुद्द्याचेच बोलतात. त्यांचे म्हणणे असे की, जुना खेळ कितीही सुंदर असला तरी तो पाहावयास मैदानाच्या दोरीला उभे राहणारे शेदोनशे लोकच येत. दूरचित्रवाणीवर तो नीट दिसत नसे; परक्या देशातील माणसास तो पहिल्या पाच मिनिटांत कळत नसे. सात मिनिटांची पाळी आणि भराभर हलणारा गुणफलक आला, तेव्हा कुठे वीसच्या आसपास देशांचे संघ दिल्लीत जमले. खेळ जगला तर कला जगेल, असा त्यांचा सवाल आहे.

वाचकहो, हा वाद आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये, आणि विशेषतः मुलींच्या संघांबाबत, हुबेहूब असाच वाद झालेला आहे. त्याची माहिती करून घेतली तर आपल्या वादातील खरे काय आणि पोकळ काय, हे निवडणे सोपे जाईल.

आयोवा संस्थानातील ग्रिनेल हे एक लहानसे महाविद्यालय. तेथे डेव्हिड आर्सेनो या प्रशिक्षकाने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात एक विलक्षण खेळपद्धती बसविली. चेंडू हाती आला की काही सेकंदांतच तो बास्केटकडे फेकायचा. प्रतिपक्षाला सबंध मैदानभर सतावायचे. आणि मिनिटभर जीव तोडून धावले की पाचच्या पाच खेळाडू बाहेर बोलावून ताज्या दमाचे दुसरे पाच आत पाठवायचे. त्यांचे गणितही ठरलेले होते: सामन्यात ९४ वेळा चेंडू फेकला पाहिजे, त्यांतील निम्म्या फेकी तीन गुणांच्या रेषेबाहेरून असाव्यात, आणि प्रतिपक्षाच्या हातून ३२ वेळा चेंडू गेला पाहिजे. पुढे इलिनॉय संस्थानातील ओलिव्हेट नाझरीन विद्यापीठाच्या महिला संघाने, डग पोर्टर हे प्रशिक्षक असताना, हीच पद्धत उचलली.

या पद्धतीवर तिकडे दोन तट पडले. विरोधक म्हणत, हा खेळ नव्हे, ही सर्कस आहे. यात बचावाला किंमतच नाही. त्यांच्या हाती पुरावाही आला. २० नोव्हेंबर २०१२ रोजी ग्रिनेलच्या जॅक टेलर या खेळाडूने एकट्याने १३८ गुण केले आणि सामना १७९-१०४ असा जिंकला. पण त्याच सामन्यात प्रतिपक्षाच्या एका खेळाडूनेही ७० गुण केले. समर्थकांचे उत्तर असे की, इतर संघांत बारा-पंधरा खेळाडूंपैकी सातआठच खेळतात आणि बाकीचे चार वर्षे बाकावर बसून टाळ्या वाजवितात. आमच्या पद्धतीत मात्र प्रत्येकाला दर सामन्यात धावावेच लागते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

वेगवान खेळाचे दुसरे मोठे पुरस्कर्ते पॉल वेस्टहेड. १९८९-९० च्या हंगामात लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या त्यांच्या पुरुष संघाने दर सामन्यास सरासरी १२२.४ गुण केले. त्याच पद्धतीने त्यांनी २००७ मध्ये फीनिक्सच्या व्यावसायिक महिला संघास अमेरिकेचे अजिंक्यपद मिळवून दिले. त्यानंतर २००९ मध्ये ऑरेगन विद्यापीठाच्या मुलींचा संघ त्यांच्या हाती आला. पद्धत तीच, प्रशिक्षक तेच. परंतु पाच हंगामांत जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेलेच अधिक निघाले आणि २०१४ मध्ये ते तेथून गेले. वेग हा मंत्र नव्हे, हा त्याचा अर्थ. ज्यांच्या अंगात तो मुरला आहे त्यांना तो तारतो. ज्यांना पुरेसा सराव, पुरेशा साथीदार आणि पुरेशी विश्रांती नाही त्यांना तो दमवून टाकतो.

मुलींच्या खेळात वेगाचा प्रश्न निघाला की आणखी एक इतिहास विसरून चालत नाही. बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी शोधला. पुढच्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकविला. मात्र मुलींच्या नाजूकपणाविषयीच्या त्या काळच्या समजुतीस अनुसरून त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले, आणि आपला भाग सोडून कोणी धावायचे नाही असा नियम केला. आयोवातील शाळांत मुली अर्ध्या मैदानापुरताच बास्केटबॉल खेळत. तीन जणींनी एका अर्ध्यात आक्रमण करायचे, तीन जणींनी दुसऱ्या अर्ध्यात बचाव करायचा, मधली रेषा कोणी ओलांडायची नाही, असा सहा जणींचा हा खेळ १९९३ पर्यंत चालला. गंमत अशी की, तो खेळही तेथील लोकांना अतिशय प्रिय होता आणि तो बंद होताना अनेकांना हळहळ वाटली. म्हणजे मुलींचा खेळ ‘स्वभावतः संथ’ असतो ही समजूत निसर्गाची नव्हे. पुष्कळ ठिकाणी तो संथपणा नियमांनी घालून दिलेला होता. कोणाला वेग आवडो वा न आवडो, मुलींना तो झेपणार नाही या कारणास्तव त्यास विरोध करण्याचे दिवस संपले आहेत.

आपल्या जवळचाच पुरावा पाहावयाचा तर बेंगळुरूचा पाहा. २०१९ च्या सप्टेंबरात तेथे महिलांच्या आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. जपानच्या मुली चीनच्या मुलींपेक्षा उंचीने बऱ्याच कमी. उंचीच्या खेळात उंची नाही, तर करायचे काय? त्यांनी धावण्यावर आणि दुरून नेम धरण्यावर भर दिला आणि सामना ७१-६८ असा जिंकला. दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये याच संघाने अंतिम फेरी गाठून रौप्यपदक मिळविले. याच बेंगळुरूत २०१७ मध्ये भारताच्या महिलांनी कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून आशिया चषकाच्या वरच्या गटात प्रवेश मिळविला होता, आणि त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. निसर्गाने जे दिले नाही ते वेगाने भरून काढता येते, ही गोष्ट आपल्या मुलींसाठी मोलाची आहे.

आता पुन्हा दिल्लीच्या अंतिम सामन्याकडे वळू. कारण या वादाचे सर्वांत चांगले उत्तर आम्हांस तेथेच मिळते. तीन पाळ्या संपल्या तेव्हा भारत ७३, नेपाळ २४ अशी स्थिती होती. चौथ्या पाळीत भारताच्या मुली पळणार होत्या आणि नेपाळच्या पाठलाग करणार होत्या. या पाळीत चैत्राची तुकडी ५ मिनिटे १४ सेकंद टिकली. पळणे सात मिनिटांचे, आणि त्यांतील पाच मिनिटांहून अधिक काळ एकाच तुकडीचे! नियमाप्रमाणे तीन मिनिटांस एक गुण आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या मिनिटास एक, असे पाच गुण झाले. ७३ चे ७८ झाले ते या पाच गुणांमुळे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. जुन्या नियमांत पळणारीला गुण नव्हता. तिने कितीही वेळ तग धरला तरी तिची कमाई म्हणजे प्रतिपक्षाचे न झालेले गुण. घरात जी बाई वर्षानुवर्षे काटकसर करून संसार सावरते तिची कमाई जशी कोणत्याही वहीत जमेच्या बाजूस लिहिली जात नाही, तसेच ते होते. जिला झटपट खेळ म्हणून नावे ठेवली जातात त्या नव्या पद्धतीनेच टिकून राहण्याला प्रथम गुण दिला. वजीर कोणत्याही दिशेने धावून येणार, बसलेल्या आठऐवजी सहाच असल्याने मध्ये लपावयास आडोसा कमी, आणि अशा मैदानात पाच मिनिटे कोणाच्या हाती न लागणे. ही नुसती धावाधाव असेल तर मग कला कशाला म्हणावयाचे? जुन्या जाणत्यांनी साखळीची, हुलकावणीची आणि दम राखण्याची जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, तीच या मुलीच्या उपयोगी पडली. मैदान बदलले, पण विद्या वाया गेली नाही.

म्हणून कला बुडाली हा आक्षेप आम्हांस पटत नाही. खो-खोचे नियम कधीच दगडावरची रेघ नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये ते प्रथम पद्धतशीर बांधले, तेव्हाही त्यापूर्वीच्या मोकळ्या खेळाची सवय असलेल्या कोणास ते जाचक वाटलेच असतील. त्यानंतर वेळोवेळी त्यांत फेरफार होत आले. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे सुरू झाली, आणि महिलांसाठी ती पुढच्या वर्षी कोल्हापुरात सुरू झाली. तेव्हापासून नियम आणि मैदान यांत कितीतरी बदल पचवून खेळ पुढे आला आहे.

परंतु जुन्या पक्षाचा दुसरा आक्षेप, जागांचा, तो मात्र आम्हांस मोठा वाटतो. आणि नव्या पक्षाकडून त्याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. खो-खोचे सर्वांत मोठे वैभव कोणते? तो फुकट खेळता येतो. दोन खांब, थोडी फक्की आणि सपाट जागा एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. चेंडू नको, बॅट नको, बूटसुद्धा नकोत. म्हणूनच तो धाराशिवच्या शाळेत पोहोचला आणि कुरुबूरसारख्या खेड्यातही पोहोचला. धाराशिवचे नाव उस्मानाबाद होते त्या काळात तेथे खेळू लागलेल्या सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व करून सुवर्णपदक मिळविले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा मुली वर आल्या त्या मातीच्या मैदानावरून. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या. मॅटवर सूर मारताना कोपरे सोलवटत नाहीत, घसरणे कमी होते, हे खरे. पण मॅट विकत घ्यावी लागते, ती ठेवावयास छप्पर लागते आणि तिच्यावर खेळावयास बूट लागतात. ज्या शाळेला मुलींसाठी बंदिस्त स्वच्छतागृह बांधणेही जड जाते, तिने मॅट कोठून आणावी? तेथील मुलगी मातीवर अनवाणी शिकणार आणि निवडचाचणीच्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवणार, असे होऊ लागले तर खेळ वेगवान झाला पण वाट अरुंद झाली, असे म्हणावे लागेल.

पैशाच्या बाबतीतही मुलींच्या वाट्यास नव्या वेगाचा लाभ सावकाशच येत आहे. २०२२ आणि २०२३-२४ हे लीगचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच झाले. विश्वचषकानंतर महाराष्ट्र शासनाने आपल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. कर्नाटकात ते पाच लाखांचे होते, आणि चैत्रा व पुरुष संघातील तिचा राज्यबंधू या दोघांनी ते स्वीकारण्यास नकार दिला. राज्याराज्यांच्या ऐपतीची आणि धोरणाची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. मात्र एकाच संघात, एकाच दिवशी, एकच चषक जिंकणाऱ्या दोन मुलींच्या पुढील आयुष्याची तजवीज त्यांचे गाव सीमेच्या कोणत्या बाजूस आहे यावर ठरावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. खेळाडू मुलीच्या घरी या रकमेकडे बक्षीस म्हणून कमी आणि ‘खेळून पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून अधिक पाहिले जाते. ते उत्तर मिळाले नाही तर धाकट्या बहिणीला मैदानावर पाठविताना आईवडिलांचा हात आखडतो.

तेव्हा आमचे मत विचाराल तर असे आहे. कोणत्याही खेळपद्धतीची पारख गुणफलकावरून करू नये. ती किती मुलींना मैदानात आणते आणि त्यांतील किती जणींना खरोखर पळावयास लावते, यावरून करावी. ग्रिनेलच्या पद्धतीत कितीही अतिरेक असला तरी तिने बाकावरच्या शेवटच्या खेळाडूसही धावावयास लावले, एवढे श्रेय तिला द्यावेच लागेल. आपल्याकडे शाळांत नऊ जणींचा मातीवरचा खो-खो कायम राहावा, कारण तो अधिक मुलींना सामावून घेतो आणि पळतीची विद्या तेथेच पक्की होते. त्याच्या जोडीला प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी निदान एक मॅट सर्व शाळांना पाळीपाळीने वापरावयास मिळावी, म्हणजे निवडचाचणीला गेलेली खेड्यातील मुलगी बुजणार नाही. हे दोन्ही खेळ एकमेकांचे वैरी नाहीत. एक शिकण्याचा आहे आणि दुसरा दाखविण्याचा.

ज्यांच्या घरी खेळणारी मुलगी आहे अशा वाचकांना चार व्यावहारिक गोष्टी सांगून हे सदर पुरे करतो. वेगवान पद्धतीत गुडघ्यावर फार ताण येतो. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा मुलींना अधिक प्रमाणात होते, असे वैद्यकीय अभ्यासांत आढळले आहे. उडी मारल्यावर गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर तोल सांभाळून उतरण्याचा, तसेच मांड्यांचे स्नायू बळकट करण्याचा सराव नियमाने केल्यास हा धोका बराच कमी होतो. तेव्हा खेळापूर्वी दहापंधरा मिनिटे असा व्यायाम घेतला जातो की नाही, हे शिक्षकांस अवश्य विचारावे. दुसरे असे की, रोज धावणाऱ्या मुलीची भूक वाढते. ताटातील डाळ, कडधान्य, दूध आणि हिरवी भाजी तिला भावाइतकी, किंबहुना काकणभर अधिकच मिळावी. तिला थकवा वाटत असेल किंवा चेहरा फिका दिसत असेल तर रक्त तपासून घ्यावे; आपल्याकडील मुलींत रक्तक्षय फार आहे आणि तो असताना दम टिकत नाही. तिसरे, पाळीच्या दिवसांत खेळावे की नाही याचा निर्णय तिच्या इच्छेवर सोडावा. रूढीने तिला बसवू नये आणि स्पर्धेच्या लोभाने तिला ओढूही नये. आणि चौथे, संघाच्या यादीत नाव आहे एवढ्यावर समाधान न मानता, गेल्या तीन सामन्यांत तिला प्रत्यक्ष किती वेळ खेळावयास मिळाले ते तिलाच विचारावे. उत्तर ‘एकदाही नाही’ असे आले तर शिक्षकांशी शांतपणे बोलावे. बहुधा त्यांच्यापुढेही जिंकण्याचा दबाव असतो, आणि पालकांनी ‘हरलात तरी चालेल, पण सर्वांना खेळवा’ असे सांगितले तर त्यांस हायसेच वाटेल.

तलकाडला जाण्याचा योग आलाच तर देवदर्शनानंतर टी. नरसीपूरच्या वाटेने जावे आणि वाटेतील एखाद्या शाळेच्या मैदानाकडे संध्याकाळच्या वेळी पाहावे. फक्कीच्या रेघा आणि दोन खांब दिसले तर थोडा वेळ थांबावे. आणि इतक्या दूर जाणे न जमले तर आपल्याच गावच्या शाळेत या वर्षी मुलींच्या खो-खोचा सामना कोणत्या दिवशी आहे, याची आजच चौकशी करावी आणि त्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून तो पाहावयास जावे.